सहलीच्या भाषेतील कर्ता : ‘रोमांटिशे श्ट्रासे’वरील मार्गदर्शनाची चिकित्सा

प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराची चर्चा मराठी समीक्षेत वेळोवेळी झालेली आहे. लेखकाची दृष्टी, त्याच्या अनुभवाची जातकुळी, निवेदनातील विनोद व काव्य अशा निरनिराळ्या अंगांनी ती झाली. परंतु प्रवाशाच्या कानांवर प्रत्यक्ष प्रवासात जे निवेदन पडत असते, त्याकडे समीक्षेचे लक्ष क्वचितच गेले आहे. मार्गदर्शकाचे हे निवेदन बहुधा लिहिले जात नाही, त्यावर कोणाचे नाव नसते, आणि ते वाङ्मय आहे असे खुद्द निवेदकालाही वाटत नाही. तथापि त्याला ठरलेला क्रम आहे, रूढ झालेली वाक्यरचना आहे, हशा कोठे यावयाचा याची जागा आहे. कीर्तनकाराच्या आख्यानाहून ते या बाबतीत फार दूर नाही. शिवाय त्याला असे एक बळ लाभलेले आहे की जे छापील ग्रंथाला सहसा लाभत नाही. ते वस्तूच्या शेजारी उभे राहून बोलले जाते. समोर बुरूज दिसत असता बुरुजाविषयी उच्चारलेले वाक्य श्रोता तपासून घेत नाही; दगडाची सत्यता तो नकळत वाक्याला बहाल करतो.

या निवेदनाची परीक्षा करावयाची तर ती घाईच्या सहलीवरून करणे न्याय्य होणार नाही. दिवसाला तीन शहरे उरकणाऱ्या मोटारीतील मार्गदर्शकाला वेळेची सबब सांगता येते. म्हणून येथे सावकाशीची सहल घेतली आहे. दक्षिण जर्मनीत माइन नदीकाठच्या वुर्त्सबुर्गपासून आल्प्सच्या पायथ्याच्या फ्यूसेनपर्यंत सुमारे ४६० किलोमीटरांचा जो मार्ग ‘रोमांटिशे श्ट्रासे’ या नावाने प्रसिद्ध आहे, त्यावरून आठवडाभर रमतगमत नेणाऱ्या सहली निघतात. द्राक्षमळे, टाउबर नदीचे खोरे, तटबंदीची गावे, गव्हाची शेते आणि शेवटी डोंगर असा त्यांचा क्रम असतो. एखाद्या गावी दोन रात्री मुक्काम होतो. अशा सहलीत निवेदकाजवळ वेळ मुबलक असतो. तेव्हा तो जे वगळतो ते वेळेअभावी वगळतो असे म्हणता येत नाही.

या मार्गाची आणखी एक विशेषता भाषाभ्यासकाच्या दृष्टीने मोलाची आहे. मार्गावरील गावे जुनी आहेत. मार्ग मात्र १९५० साली जन्मला. महायुद्ध संपून पाच वर्षे झाली होती. या गावांनी एकत्र येऊन, परदेशी प्रवासी पुन्हा जर्मनीकडे वळावा या हेतूने, अस्तित्वात असलेल्या रस्त्यांचे तुकडे एका नावाखाली गुंफले. आउग्सबुर्गच्या दक्षिणेस काही अंतर हा मार्ग ‘व्हिया क्लाउडिया आउगुस्टा’ या रोमन राजमार्गाच्या अनुरोधाने जातो हे खरे. परंतु सलग असा हा एक मार्ग जुन्या इतिहासाला ठाऊक नाही. नावाने वस्तू निर्माण केल्याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित सापडावे. नाव देणाऱ्यांनी विशेषणही विचारपूर्वक निवडले. मराठीत आज ‘रोमँटिक’ हा शब्द बहुतांशी प्रणयापुरता उरला आहे, म्हणून मराठी प्रवाशाची येथे थोडी फसगत होते. जर्मन शब्दात १९व्या शतकातील कवी-चित्रकारांची मध्ययुगाविषयीची ओढ साठलेली आहे. आपल्या जुन्या समीक्षकांनी योजलेला ‘अद्भुतरम्य’ हा शब्द त्याला अधिक जवळचा. म्हणजे १९५० साली या गावांनी प्रवाशाला मध्ययुग दाखविण्याचे वचन दिले नाही, तर १९व्या शतकाने रंगविलेले मध्ययुग दाखविण्याचे दिले. मार्गदर्शकाच्या निवेदनात हा भेद लोपतो, आणि बहुतेक सर्व अडचणी तेथूनच सुरू होतात.

निवेदनाची पूर्वपीठिका थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. योहानेस आउगुस्ट क्लाइन या प्राध्यापकाने १८२८ मध्ये माइन्झ ते कोलोन या ऱ्हाईनप्रवासाची पुस्तिका लिहिली. तिच्या मुखपृष्ठावरच ती जलद प्रवास करणाऱ्यांसाठी असल्याचे म्हटले होते. ती ज्या प्रकाशनसंस्थेने काढली ती संस्था कोब्लेन्झच्या कार्ल बेडेकर याने विकत घेतली आणि १८३५ मध्ये पुस्तिकेची सुधारून वाढविलेली आवृत्ती प्रसिद्ध केली. लंडनच्या जॉन मरीची युरोप खंडाविषयीची मार्गदर्शिका पुढच्याच वर्षी, १८३६ मध्ये, निघाली. बेडेकरचा उद्देश उघड होता. गावोगावी पैसे घेऊन मागे लागणाऱ्या वाटाड्यांच्या तावडीतून प्रवाशाला सोडवावयाचे होते. झाले ते मात्र विपरीत. वाटाड्या नाहीसा झाला नाही. तो पुस्तक पाठ करून परत आला. १८५५ मध्ये टॉमस कुकने आपल्या मंडळींना ब्रुसेल्स, कोलोन, ऱ्हाईन या वाटेने फिरविले, तेव्हापासून सामुदायिक सहल आणि छापील मार्गदर्शिका यांचे नाते जडले ते आजतागायत. (मराठीतला ‘वाटाड्या’ वाट दाखवितो, आणि काय पाहावे हे वाटसरूवर सोडतो. ‘गाइड’ हा शब्द आपण तसाच उचलला याचे कारण या दुसऱ्या कामाला आपल्याजवळ शब्द नव्हता. क्षेत्रोपाध्याय होता; पण तो संकल्प सांगे.)

मार्गदर्शिकेची भाषा अंतरे, दिशा, शतके व शैली यांची नामे ओळीने ठेवणारी, बव्हंशी क्रियापदविरहित होती. मूल्यनिर्णयासाठी तर तिने शब्दही टाकून दिले. मारियाना स्टार्क या इंग्रज लेखिकेने १८२०च्या सुमारास कलाकृतींपुढे एक, दोन, तीन अशी उद्गारचिन्हे मांडली. बेडेकरने १८४०च्या दशकात चांदणी आणली. उत्तमास एक आणि अत्युत्तमास दोन. वाक्य नाही, म्हणून कर्ता नाही. कोणाला उत्तम वाटले, केव्हा, कशाच्या तुलनेत, हे प्रश्न चांदणीला विचारता येत नाहीत.

चिन्हाचा हा निनावीपणा किती दूरवर जाऊ शकतो याचे उदाहरण १९४२ साली घडले. ब्रिटिश विमानांनी मार्चच्या अखेरीस ल्यूबेक हे जुने शहर जाळले. त्याच्या प्रत्युत्तरादाखल जर्मन विमानांनी एप्रिलपासून एक्सेटर, बाथ, नॉरिच, यॉर्क व कँटरबरी या शहरांवर हल्ले केले. बेडेकरमध्ये तीन चांदण्या असलेली ब्रिटनमधील प्रत्येक इमारत उडवून देऊ, असे जर्मन परराष्ट्र खात्याच्या एका प्रवक्त्याने बोलून दाखविले. बेडेकरने तीन चांदण्या कधीच दिल्या नव्हत्या. प्रवक्त्याला पुस्तक नीट ठाऊक नव्हते; परंतु चिन्हाचा उपयोग त्याने बरोबर ओळखला होता. पाहण्याजोग्या वस्तूंची यादी ही नष्ट करण्याजोग्या वस्तूंची यादीही होऊ शकते, कारण दोन्ही याद्यांत माणसे नसतात. १९४३च्या डिसेंबरात लाइप्झिगवरील हल्ल्यात बेडेकरचे स्वतःचे कार्यालयही भस्मसात झाले.

फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ याने १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधसंग्रहात ‘गीद ब्लू’ या मार्गदर्शिकेचा समाचार घेतला आहे. ती डोंगर व देवळे पाहते आणि देश पाहत नाही, तिच्या लेखी स्पेनमधील माणसे केवळ नमुने उरतात, असा त्याचा आक्षेप. तो मान्य होण्याजोगा आहे. परंतु बार्थ दोषाचे मूळ मध्यमवर्गाच्या विचारसरणीत शोधतो, आणि तेथे त्याचे विवेचन काहीसे ढोबळ होते. तीच विचारसरणी असलेला निवेदक एके ठिकाणी उत्तम बोलतो व दुसऱ्या ठिकाणी चुकवाचुकवी करतो, असे रोमांटिशे श्ट्रासेवर आढळते. हा फरक विचारसरणीने उलगडत नाही. वाक्यरचनेकडे पाहिले म्हणजे उलगडतो.

वुर्त्सबुर्गपासूनच प्रारंभ करता येईल. तेथील प्रिन्स-बिशपांचा प्रासाद बाल्टासार नॉयमान याच्या योजनेनुसार उभा राहिला आणि त्याच्या भव्य जिन्यावरील छत व्हेनिसच्या त्येपोलोने १७५२-५३ मध्ये चितारले. १६ मार्च १९४५ च्या रात्री सुमारे वीस मिनिटांच्या ब्रिटिश बाँबहल्ल्यात शहराचा मध्यभाग जवळजवळ पुरता नष्ट झाला. चारपाच हजार माणसे मेली. प्रासादाचे छप्पर जळाले. जिन्यावरील कमान मात्र तरली. येथे निवेदनात हमखास येणारा शब्द म्हणजे ‘चमत्कार’. चित्र चमत्काराने वाचले, असे सांगितले जाते. वस्तुतः ते नॉयमानने बांधलेल्या भक्कम दगडी कमानीने वाचले. आणि पावसाच्या माऱ्याने सावकाश नासून गेले असते, ते जॉन स्किल्टन या अमेरिकन अधिकाऱ्याने खटपट करून वर तात्पुरते छप्पर घातल्यामुळे टिकले. लाकडे मिळवून आणणारा हा मनुष्य चमत्काराहून कमी मनोरंजक आहे असे कोण म्हणेल? तरीही त्याचे नाव वगळले जाते, आणि त्याबरोबर शहर कोणी व कशासाठी जाळले हेही वगळता येते. चमत्काराला कर्ता नको असतो.

मराठीत या युक्तीचे स्वरूप अधिक स्पष्ट दिसते. आपल्याजवळ जळणे-जाळणे, पडणे-पाडणे, तुटणे-तोडणे, मरणे-मारणे अशा जोड्या आहेत. ‘जाळले’ म्हटले की ‘कोणी?’ हा प्रश्न उभा राहतो. कर्मणी प्रयोगातही ‘-ने’ प्रत्ययाची जागा रिकामी दिसते व ती श्रोत्याला खुपते. ‘जळले’ म्हटले की प्रश्नच उद्भवत नाही. शहर जणू स्वतःच्याच प्रकृतीने जळते, जसे पान पिकते. मार्गदर्शनपर निवेदनात विनाशाची क्रियापदे प्रायः या अकर्मक वर्गातली असतात, आणि बांधण्याची क्रियापदे सकर्मक असतात व त्यांना कर्ते मानाने दिलेले असतात. बिशपाने बांधले, राजाने उभारले, गुरूने कोरले. पुढे पडले, जळले, गेले. इतिहासाचे असे व्याकरण एकदा कानी बसले म्हणजे माणसे केवळ बांधतात आणि मोडणे हे काळाचे काम आहे, अशी समजूत होते.

रोटेनबुर्ग हे या मार्गावरील सर्वांत प्रसिद्ध गाव. टाउबरच्या खोऱ्यावरील उंचवट्यावर वसलेले, तटबंदीने वेढलेले. येथे दोन रात्री राहणाऱ्या प्रवाशाला एक लाभ निश्चित होतो. दिवसाकाठी येणारे लोंढे संध्याकाळी ओसरतात आणि मग गल्ल्यांतून चालता येते. सांक्ट याकोब चर्चमधील टिलमान रीमेनश्नायडरची लाकडी कोरीव वेदी (१६व्या शतकाच्या पहिल्या पाच वर्षांतली) सकाळच्या उजेडात निवांत पाहता येते. तिच्यासाठी सबंध सहल केली तरी ती वाया जाणार नाही. परंतु गर्दी जमते ती बाजारचौकातल्या घड्याळापुढे. ठरलेल्या तासाला दोन खिडक्या उघडतात. एकीत सेनापती टिली दिसतो, दुसरीत नगराध्यक्ष नुश. तीस वर्षांच्या युद्धात, १६३१ मध्ये, टिलीने गाव जिंकले; सवातीन लिटर दारूचा पेला कोणी एका दमात रिता केला तर गाव वाचेल असे तो म्हणाला; नुशने तो केला आणि गाव वाचले. ही कथा सांगताना निवेदक वर्तमानकाळ वापरतो, आणि ते रास्तच आहे. आपले आख्यानकारही तेच करतात. आक्षेप तेथे नाही. टिलीने गाव घेतले हे खरे. पेल्याच्या गोष्टीला मात्र समकालीन आधार सापडत नाही. तिच्यावरील नाटक आडाम ह्योर्बर याने लिहिले व ते १८८१ मध्ये प्रथम रंगले. घड्याळाच्या खिडक्या १९१० मधल्या. रेल्वे गावात १८७३ मध्ये पोचली होती. या सनावळीत एक दुसरी कथा दडलेली आहे. व्यापारी महत्त्व गमावून बसलेल्या एका गावाने आगगाडीतून उतरणाऱ्या पाहुण्यांसाठी आपला भूतकाळ कसा रचला, हीच ती कथा. पेल्याच्या गोष्टीहून ती रसाळ आहे. शेजारच्या डिंकेल्सब्यूललाही स्वीडिश सैन्यापासून मुलांनी गाव वाचविल्याची कथा आहे आणि तिचे नाटक १८९७ मधले आहे, हे लक्षात घेतले म्हणजे तर ती केवळ एका गावाची राहत नाही. सावकाशीच्या सहलीत प्रवासी ही दोन्ही गावे लागोपाठ पाहतो. दोन्ही कथा ऐकतो. त्या एकमेकींशेजारी ठेवण्याचे काम कोणी करीत नाही.

आता तटाकडे वळू. तटावर छत असलेली चालण्याची वाट आहे, आणि पूर्वेकडील भागात भिंतीत लहान लहान दगडी पाट्या बसविलेल्या आहेत. प्रत्येक पाटीवर देणगीदाराचे नाव. पाट्या जगभरातल्या आहेत; जपानी नावे पुष्कळ. ३१ मार्च १९४५ रोजी, ईस्टरच्या आदल्या दिवशी, अमेरिकन विमानांनी गावावर बाँब टाकले. सुमारे चाळीस माणसे दगावली, अडीचशेहून अधिक घरे व तटाचा शेकडो मीटरांचा भाग पडला. जुन्या गावाचा सुमारे दोन-पंचमांश हिस्सा गेला. पुढे अमेरिकेचे सहायक युद्धमंत्री जॉन मॅक्लॉय यांनी मध्यस्थी केल्यामुळे गाव तोफांच्या माऱ्यातून सुटले व एप्रिलात लढाईवाचून ताब्यात आले. मोडलेला तट देणग्यांतून पुन्हा बांधला गेला. म्हणजे पूर्वेकडच्या ज्या गल्ल्यांत प्रवासी मध्ययुगाचा श्वास घेतो त्या गल्ल्यांपैकी कित्येक १९५०च्या दशकातल्या आहेत. यात कमीपणा काही नाही. पडलेले घर त्याच उंचीचे, त्याच उतरत्या छपराचे बांधावे असे गावकऱ्यांनी ठरविले, हा त्यांचा निर्णय स्वतंत्र कौतुकास पात्र आहे. परंतु कौतुक करावयाचे तर निर्णय घेणारे दिसले पाहिजेत. ‘हुबेहूब जतन झालेले गाव’ या शब्दयोजनेत पाडणारे जातात, आणि बांधणारेही जातात. खुद्द पाट्यांवर मात्र नावे कोरलेली आहेत! सबंध गावात कर्त्यांची इतकी भरगच्च यादी दुसरी नाही, आणि बहुतेक निवेदक तिच्यापाशी क्षणभर थांबून पुढच्या बुरुजाकडे वळतात.

याहून गंभीर प्रकरण गावातील ज्यूंच्या गल्लीचे आहे. १३व्या शतकात रब्बी मेइर या थोर धर्मशास्त्रज्ञामुळे रोटेनबुर्गचे नाव युरोपभर झाले होते. मेइर १२९३ मध्ये कैदेत मरण पावले. १५२० मध्ये ज्यूंना गावातून घालविण्यात आले. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात काही कुटुंबे परत येऊन स्थिरावली. नाझी राजवटीत रोटेनबुर्ग हे आदर्श जर्मन गावाचा नमुना म्हणून मिरविले गेले आणि सरकारी ‘आनंदातून शक्ती’ या संघटनेच्या सहली तेथे भरभरून येऊ लागल्या. उरलेल्या शेवटच्या ज्यू रहिवाशांना २२ ऑक्टोबर १९३८ रोजी, देशभर सिनेगॉग जाळली गेली त्याच्याही अडीच आठवडे आधी, गावाबाहेर काढण्यात आले. या ठिकाणी सहलीत ऐकू येणारे वाक्य साधारणपणे ‘येथे पूर्वी ज्यू राहत असत’ या वळणाचे असते.

हे वाक्य खोटे नाही, आणि म्हणूनच त्याची रचना तपासणे अगत्याचे आहे. ‘राहत असत’ हा रीतिभूतकाळ. चालीरीती, सवयी, ऋतूंप्रमाणे पुनःपुन्हा घडणाऱ्या गोष्टी यांसाठी तो मराठीत रूढ आहे. पूर्वी लोक पायी पंढरीला जात असत, विहिरीवर रहाट चालत असे. या काळाला आरंभ नसतो व शेवटही नसतो. जे होत असे ते हळूहळू होईनासे झाले, इतकेच तो सुचवितो. राहण्याला शेवट करणारी एक तारीख होती, त्या दिवशी कोणी तरी दारे ठोठावली, कोणी तरी पाहत उभे होते, हे सामावून घेण्याची जागा या रूपात नाही. श्रोत्याला ‘मग?’ असे विचारावेसेही वाटत नाही, कारण रीतिभूताला ‘मग’ नसतो. गावातील ज्या सहली या विषयासाठीच काढल्या जातात त्यांत हा इतिहास नीट सांगितला जातो, हे नमूद केले पाहिजे. परंतु अद्भुतरम्य मार्गाच्या सर्वसाधारण सहलीत तो रीतिभूतकाळात विरून जातो.

‘येथे’ या एका शब्दावर हा दोष लादता येईल का? स्थलवाचक शब्दच काळाला गिळतो, असे म्हणण्याचा मोह होतो. पण त्याला दोन उत्तरे आहेत.

पहिले उत्तर मराठीतलेच. महानुभावांची ‘स्थानपोथी’ ही आपल्या भाषेतील स्थळमार्गदर्शनाची अत्यंत जुनी कृती. चक्रधरस्वामींचा ज्या ज्या ठिकाणांशी संबंध आला त्या ठिकाणांची ती गावोगावची नोंद आहे. दिशा, दरवाजे, जवळचे झाड वा ओटा यांच्या खुणा ती बारकाईने देते. सौंदर्याचे विशेषण तिला जवळजवळ ठाऊक नाही. पण तिच्यातील स्थानांचे प्रकार पाहावेत : आसन, वसती, विहरण. ही सारी क्रियावाचक नामे आहेत. स्थान म्हणजे जेथे कोणी बसले, राहिले, हिंडले ते. कर्त्यावाचून तेथे स्थळच सिद्ध होत नाही. श्रद्धेचा ग्रंथ आणि करमणुकीची सहल यांची तुलना फार ताणू नये. परंतु ‘येथे’ हा शब्द कर्त्याला आपोआप हद्दपार करतो असे नव्हे, इतके त्यावरून दिसते.

दुसरे उत्तर वुर्त्सबुर्गच्या पदपथांवर आहे. गुंटर डेमनिग या कलावंताने १९९०च्या दशकापासून युरोपभर घरांसमोर बसविलेले दहा सेंटिमीटर चौरसाचे पितळी दगड तेथेही आहेत. त्यांवरील मजकूर बहुधा ‘येथे राहत होता’ किंवा ‘राहत होती’ या अर्थाच्या दोन जर्मन शब्दांनी सुरू होतो. मग नाव, जन्मवर्ष, नेल्याचे वर्ष, ठार झाल्याचे ठिकाण. प्रारंभीचा शब्द मार्गदर्शकाचाच आहे. तोच ‘येथे’. पुढे मात्र एकवचनी नाव येते, आणि नावापाठोपाठ सन येतो. मारणाऱ्यांची नावे याही मजकुरात नाहीत हे खरे. परंतु क्रियापद ‘मरण पावले’ असे नसून ‘ठार मारले’ असे आहे, आणि रिकामी राहिलेली कर्त्याची जागा वाचणाऱ्याला दिसते. सहलीची मोटार ज्या पदपथाशी थांबते त्याच पदपथावर हे वाक्य खाली मान घालून वाचता येते. त्याला चांदणी नाही.

चांगले निवेदन याच मार्गावर ऐकावयाचे तर नॉर्डलिंगेनला जावे. हे वाटोळे गाव एका प्रचंड विवराच्या तळाशी वसले आहे. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी तेथे अशनी आदळला. विवराचा व्यास सुमारे २४ किलोमीटर. पुष्कळ काळ ते ज्वालामुखीचे काम मानले जात होते. युजीन शूमेकर व एडवर्ड चाओ यांनी १९६० मध्ये तेथील खडकात कोएसाइट हे केवळ प्रचंड दाबाखाली बनणारे खनिज दाखवून दिले, आणि वाद मिटला. सांक्ट गेओर्ग चर्चचा सुमारे ९० मीटर उंचीचा मनोरा त्या आघातातून बनलेल्या दगडाचाच बांधलेला आहे. येथे निवेदकाची भाषा एकाएकी बदलते. तो कोणी शोधले ते सांगतो, आधी काय समजत होते ते सांगतो, भिंतीतला दगड दाखवून त्यातील काचेचे ठिपके पाहावयास लावतो. शिवाराकडे पाहून ‘रम्य’ म्हणणारा तोच मनुष्य आता सपाट दिसणाऱ्या शेतांच्या कडेला डोंगरांचे कडे का आहे, याचे कारण देतो. कर्ता, काळ, साधन, पुरावा, सारे जागच्या जागी. कोणाला दुखवावयाचे नसले की मार्गदर्शकाचे व्याकरण निर्दोष होते, असा निष्कर्ष काढल्यास तो फारसा अन्यायाचा होणार नाही. अशनीला वारस नाहीत.

नॉयश्वानस्टाइनच्या राजवाड्याविषयी थोडकेच पुरे. १८६९ मध्ये सुरू झालेली, मध्ययुगाचा वेश केलेली ही इमारत. राजा दुसरा लुडविग जून १८८६ मध्ये मरण पावला आणि ऑगस्टपासून ती तिकीट लावून लोकांस खुली झाली. सगळ्यांना हे ठाऊक असते, म्हणून येथे फसवणूक होत नाही. अर्ध्या तासात बाहेर पडावे लागते, म्हणून सावकाशीही होत नाही.

आउग्सबुर्गची फुगराय वस्ती मात्र अधिक वेळ मागते. याकोब फुगर या सावकाराने गावातील गरीब कॅथलिकांसाठी वसविलेली ही घरे; स्थापनेचे पत्र १५२१ मधले. वर्षाचे भाडे एक ऱ्हाईनिश गिल्डर, आजच्या हिशोबाने ८८ सेंट, आणि शिवाय रोज तीन प्रार्थना. मोत्सार्टचा पणजा, एक गवंडी, येथे राहिला होता. १९४४ मध्ये बाँबहल्ल्यात वस्तीचा मोठा भाग नष्ट झाला व तो पुन्हा बांधण्यात आला. येथे निवेदकाला ‘राहत असत’ म्हणता येत नाही. खिडकीत कुंडीला पाणी घालणारी बाई समोर असते. तो ‘राहतात’ म्हणतो, आणि आपोआप आवाज खाली आणतो.

महाराष्ट्रातून युरोपला जाणाऱ्या सहलींत स्थानिक मार्गदर्शकाचे इंग्रजी निवेदन पुष्कळदा सहलप्रमुख मराठीत करून सांगतो. त्याच्यावर या ठिकाणी एक विशेष जबाबदारी येते. जर्मनमधील ‘वोन्टे’ किंवा इंग्रजीतील ‘लिव्हड’ या रूपांत रीत आणि घटना हा भेद उमटत नाही. मराठीत निवड करावीच लागते : राहिले, राहत असत, राहत होते. यांपैकी ‘राहत होते’ हा अपूर्ण भूतकाळ आहे; तो ऐकताच श्रोता पुढील वाक्याची वाट पाहू लागतो, कारण चालू असलेल्या क्रियेत काही तरी घडल्याशिवाय हे रूप सहसा एकटे वापरले जात नाही. रोटेनबुर्गच्या गल्लीत ‘येथे ज्यू कुटुंबे राहत होती’ असे म्हणून जो थांबेल, त्याला मागून कोणी तरी विचारील, ‘मग काय झाले?’ मग २२ ऑक्टोबर १९३८ ही तारीख सांगावी लागेल.